नाशवंत माल

वाशीच्या एपीएमसी मार्केटात एक शब्द दिवसभर कानावर पडतो, तो म्हणजे 'नाशवंत'. ट्रक अडला की चालक म्हणतो, नाशवंत माल आहे, सोडा. बंद पुकारला की पहिली चिंता नाशवंत मालाची. भाजीपाला आणि फळे यांना हा शब्द शोभतो. कांदा थोडे दिवस धीर धरतो. मसाला आणि धान्य तर वर्ष-वर्ष गोणीत राहते. पाच बाजारांच्या या आवारात आमचे लहानपणापासून जाणे-येणे आहे, पण एका मालाकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. तो येथे विकला जात नाही. येथे नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या घरात मात्र तो होता, आणि कोथिंबिरीच्या जुडीइतकाच नाशवंत निघाला.

आमचे मामू मसाला मार्केटातील एका गाळ्यावर मेहता होते. मुंबईचा घाऊक बाजार मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या जुन्या ठिकाणांहून टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला. भाजीपाला आणि फळे शेवटी, १९९६ साली आली. मामू त्याआधीच आपल्या शेठच्या मागोमाग मस्जिद बंदरहून वाशीला आले होते. दिवसा रोजमेळ आणि खतावणी, रात्री कव्वाली पार्टीत की-बोर्ड, असा त्यांचा दुहेरी संसार. लोक त्या वाद्याला 'कॅसिओ' म्हणत. पेटीवर दुसऱ्याच जपानी कंपनीचे नाव होते, पण आपल्याकडे की-बोर्ड म्हणजे कॅसिओ. मस्कतहून कायमचे परतलेल्या एका नातेवाइकाकडून त्यांनी तो घेतला होता. त्याला फ्लॉपीची खाच होती.

त्या वाद्यात तयार ठेके पुष्कळ होते. वॉल्ट्झ होता, बोसा नोव्हा होता, डिस्को होता. कव्वालीला लागणारा कहरवा नव्हता. मामूंनी महिनोन्महिने बसून तो स्वतः भरला, मग दादरा भरला, पुढे टाळीचा आवाजही बसवला. प्रत्येक ठेका फ्लॉपीवर उतरवून ठेवला. अशा अकरा फ्लॉप्या चहाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

२०२१ साली मामू गेले. घर आवरताना कागदांचे गाठोडे आम्हीच बांधले आणि आम्हीच रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवले. त्यात त्या की-बोर्डचे मॅन्युअलही होते, हे पुढे वर्षभराने कळले. मामूंच्या नातीने हट्ट धरला, दादाजानचा ठेका ऐकायचा. वाद्य सुरू केले तर पडद्यावर निरर्थक अक्षरे आली. फ्लॉपी घातली तर यंत्र घरघरले आणि गप्प झाले. कोणती दोन बटणे दाबून वाद्य चालू केले असता ते पूर्वस्थितीला येते, हे ज्या पानावर छापले होते ते पान एव्हाना कुठल्या तरी पपईभोवती गुंडाळले गेले असेल. चूक आमची होती. या लेखाचे निमित्तही तीच चूक आहे.

शिक्षक असल्यामुळे आम्हाला पुस्तकाची कदर आहे असा आमचा समज होता. पण 'पुस्तक' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे दीवान येई, इतिहास येई, शब्दकोश येई. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका आमच्या लेखी पुस्तक नव्हती. ज्या परंपरेचा आम्ही वर्गात अभिमानाने उल्लेख करतो त्या परंपरेचे मत याबाबत निराळे होते.

नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होते. त्यांचा 'किताब अल-हियल' हा सुमारे शंभर यांत्रिक करामतींचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनीच स्वतः वाजणाऱ्या वाद्यावर एक स्वतंत्र रिसाला लिहिला. पाण्याच्या जोरावर हवा बासरीत शिरते आणि फिरत्या नळकांड्यावरील खुंट्या भोके उघडतात-मिटतात, अशी ती रचना. सूर आधी नोंदवून ठेवायचे आणि यंत्राने ते वाजवायचे, ही कल्पना इतकी जुनी आहे. पुढे दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी नावाचा कारागीर होऊन गेला. त्याने १२०६ साली पन्नास यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात एक नाव आहे, तिच्यात चार यांत्रिक वादक बसलेले आहेत, आणि पाण्याच्या हिशेबाने ते मैफल करतात. बादशहाने त्याला सांगितले होते की, तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून हे सारे लिहून काढ. त्याने केवळ वर्णन केले नाही. सुटे भाग, त्यांची मापे, जोडण्याचा क्रम, आकृत्या, सगळे दिले.

ती नाव आज कोठेही नाही. तिचे लाकूड, तांबे, वादकांच्या बाहुल्या सारे गेले. हस्तलिखिते मात्र इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात आणि इतरत्र राहिली. डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने १९७४ साली त्यांचा अनुवाद केला, आणि त्या आधारे यंत्रे पुन्हा उभी करता आली. आजच्या भाषेत सांगायचे तर अल-जझरीचा ग्रंथ हे बंद पडलेल्या वाद्याचे सर्व्हिस मॅन्युअल आहे. नकलनवीसांनी ते उतरवले नसते तर आम्ही वर्गात काय सांगितले असते?

आता आपल्या मुंबईकडे येऊ. या शहराच्या संगीतात विजेच्या वाद्यांचा इतिहास समजतो त्यापेक्षा जुना आहे. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातील बीन घराघरांत पोहोचली, पण ती बीन नव्हती. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन याने १९४७ च्या सुमारास तयार केलेले क्लॅव्हिओलिन नावाचे व्हॉल्व्हवर चालणारे वाद्य कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवले होते. संगीतकार होते हेमंतकुमार. आमच्या कव्वालीतला बेंजोही परदेशीच. जपानमध्ये १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता याने टंकयंत्रासारख्या कळा असलेले ताइशोगोतो काढले. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, त्याला पुढे पिकअप आणि अँप्लिफायर जोडला गेला, आणि मुंबई-कोकणात वरातीपासून गणपतीपर्यंत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. वाद्य कोणी काढले हे वाजवणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्याचे अडतही नाही. अडते ते वाद्य बंद पडल्यावर.

चरणजित सिंग यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, त्यांनी मिळवली आणि १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती फारशी खपली नाही. टीबी-३०३ सुद्धा खपले नाही. त्यात सूर भरण्याची पद्धत किचकट, म्हणून १९८४ पर्यंत कंपनीने ते बंद केले. जुन्या बाजारात ते मातीमोल किमतीला जाऊ लागले. त्याच स्वस्त यंत्रावर १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी ॲसिड हाऊस नावाचे नवे संगीत जगापुढे आणले. मग २०१० साली एका परदेशी संग्राहकाच्या प्रयत्नाने चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हा नाद कोणी काढला होता? सुदैवाने तेव्हा ते हयात होते, देशोदेशी जाऊन वाजवू शकले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

टीआर-८०८ ची गोष्टही बोधप्रद आहे. या तालयंत्राच्या वैशिष्ट्यपूर्ण आवाजामागे एक विशिष्ट ट्रान्झिस्टर होता. कारखान्याच्या दृष्टीने तो सदोष माल, पण त्याच्या दोषातूनच तो खसखसणारा आवाज येई. ट्रान्झिस्टर बनवण्याचे तंत्र सुधारले तसा सदोष माल मिळेनासा झाला, आणि १९८३ साली यंत्र बंद झाले. आज एखाद्याकडे बिघडलेले ८०८ आले तर त्याला प्रथम काय हवे? सर्किटची आकृती आणि तिच्यावरचा त्या सुट्या भागाचा क्रमांक. तो कागद नसेल तर लॅमिंग्टन रोडचा निष्णात कारागीरही अंधारात चाचपडेल.

अहमदाबादचा दाखला अधिक बोलका आहे. तेथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या भारतीयांनी तेथे प्रयोग केले. १९७२ पर्यंत ते सारे थांबले आणि विस्मरणात गेले. सुमारे साडेचार दशकांनी पॉल पुर्गस या संशोधक-संगीतकाराला संस्थेच्या संग्रहात त्या टेप सापडल्या. २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. भारताच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासाचा आरंभ त्यामुळे नव्याने लिहावा लागला. टेपची पेटी कपाटात राहिली म्हणून इतिहास राहिला.

हे सारे मोठ्या संस्थांचे आणि नामवंतांचे झाले. वाद्य सामान्य वादकाच्या घरातले असते तेव्हा ते किती ठिकाणांहून मरते, हे आम्हाला मामूंच्या की-बोर्डने शिकवले. पहिली जागा म्हणजे आतली बॅटरी. वादकाने केलेली मांडणी ज्या स्मृतीत असते ती बऱ्याच वाद्यांत नाण्याएवढ्या बॅटरीवर जगते. बॅटरी गेली की वर्षांची मेहनत क्षणात पुसली जाते, आणि वाद्य वरून धडधाकट दिसते. दुसरी जागा फ्लॉपी. तिच्यातील चुंबकीय थराला दमट हवा सोसत नाही, बुरशी धरते, आणि मुंबईच्या पावसाळ्याविषयी आम्ही निराळे सांगायला नको. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली, तेव्हापासून कोरी फ्लॉपी मिळणेही कठीण झाले. तिसरी जागा मॅन्युअल. ते कागदाचे, म्हणून सर्वांत टिकाऊ, पण घरातल्यांना सर्वांत निरुपयोगी वाटते ते तेच.

१९८३ साली मिडी नावाचा एक समान नियम ठरला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांचा त्यात मोठा वाटा. स्पर्धक कंपन्यांची वाद्ये त्यामुळे एकमेकांशी बोलू लागली. वाद्याच्या स्मृतीतला सारा ऐवज एका तारेने संगणकावर उतरवून घेता येतो तो याच नियमामुळे. रोलँडचे एसपीडी-२० हे १९९८ चे ऑक्टापॅड आपल्या ऑर्केस्ट्रांत सर्रास दिसे. त्याला ना फ्लॉपी, ना पेनड्राइव्ह. त्यातील ठोक्यांची मांडणी वाचवायची तर मिडीची तार हाच मार्ग. पण कोणत्या पडद्यावर जाऊन कोणते बटण दाबायचे? पुन्हा मॅन्युअलच. म्हणजे फाइल आणि पुस्तिका या दोन वस्तू कुलूप-किल्लीसारख्या आहेत. एक राखून दुसरी रद्दीत घातली तर दोन्ही गेल्या असे समजावे.

आमचा शोध सुफळ झाला तो एका अनोळखी माणसामुळे. दूरदेशी कोणी तरी आपल्या घरची त्याच वाद्याची पुस्तिका पानन् पान स्कॅन करून सर्वांसाठी ठेवली होती. त्याला मोबदला मिळाला नसणार, वाशीच्या एका घराची दुआ मात्र मिळाली. वाद्याची बॅटरी बदलली, बटणे दाबली, ते शुद्धीवर आले. जुन्या फ्लॉपी यंत्राला जोडून अकरा फ्लॉप्या वाचल्या. चार पूर्ण निघाल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या, पाच कायमच्या गेल्या. कव्वालीचा तो कहरवा गेलेल्या पाचांत होता.

तेव्हा मुमानींनी एक वही काढून दिली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, गाळ्यावर हिशेबाला वापरतात तसली. मेहता माणूस, त्यांनी आपल्या ठेक्यांचा रोजमेळच लिहून ठेवला होता. डावीकडे आवाजाचा क्रमांक, उजवीकडे तो कितव्या मात्रेवर आणि किती जोराने, खाली लय. शेरे उर्दूत, आकडे इंग्रजीत. काही ठिकाणी हळदीचे बोट उमटलेले. आमच्या शाळेतील आठवीच्या दोन मुलांना घेऊन आम्ही ती वही ओळीने वाचली आणि कहरवा पुन्हा वाद्यात भरला. मामूंच्या पार्टीत ऑक्टापॅड वाजवणारे चाचा ऐकायला आले. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "ठेका वही है, हाथ नहीं है."

त्यांचे म्हणणे खरे होते. कागद हात परत देऊ शकत नाही. पण कागद नसता तर ठेकाही परत आला नसता.

मिरजेची आठवण येथे होते. तेथील शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचे काम मंदावल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तंतुवाद्ये बनवायला घेतली. भोपळा कसा निवडायचा, जवारी कशी काढायची, हे ज्ञान बापाकडून लेकाकडे हातोहात गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे मॅन्युअल नव्हते, पण उस्ताद होते. इलेक्ट्रॉनिक वाद्याला असा उस्ताद नसतो. त्याचा बनवणारा हजारो मैलांवर, त्याचा कारखाना दुसऱ्या मालाकडे वळलेला. त्याचा उस्ताद म्हणजे ती पुस्तिका. हे लक्षात घेतले की पुस्तिका फेकणे म्हणजे काय, ते समजते.

कायद्याची शंका कोणी काढील. पुस्तिकेवर कंपनीचा स्वामित्वहक्क असतो, हे खरे. परंतु आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला एक मुभा दिली आहे. ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकीय स्वरूपात साठवता येते. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी वाचनालये आहेत. दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. वाद्यांचा त्यांत स्वतंत्र विचार नाही. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. मुंबईत १९९० साली काही हौशी मंडळींनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची माहिती जमवली. तबकडी जमवणारे भेटले, फ्लॉपी आणि पुस्तिका जमवणारे अजून भेटायचे आहेत.

काम अवघड नाही. पुस्तिका असेल तर मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, घडीच्या पानासकट, स्कॅन करावी. फाइलच्या नावात वाद्याचा पूर्ण क्रमांक लिहावा. 'नवीन १', 'नवीन २' असे नाव लिहिणे म्हणजे गोणीला चिठ्ठी न लावणे. फ्लॉपी एकदाच वाचायला मिळेल असे धरून तिची संपूर्ण नक्कल आधी करावी, मग आत काय आहे ते पाहावे. अशा नकला पेनड्राइव्हवर ठेवून फ्लॉपीच्या खाचेत बसवण्याची छोटी पेटी मिळते, तिने जुने वाद्य पुन्हा चालते. तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. आणि वादकाच्या हातची वही असेल तर ती सर्वांआधी, कारण छापील पुस्तिकेच्या हजारो प्रती निघालेल्या असतात, वहीची एकच असते.

आखातातून आलेली, लग्नात वाजलेली, उर्सात रात्र जागवलेली अशी किती वाद्ये आपल्या माळ्यांवर असतील? त्यांचे वाजवणारे हमाल होते, मेहते होते, ड्रायव्हर होते. त्यांच्यावर कोणी लेख लिहिला नाही, त्यांची तबकडी निघाली नाही. त्यांचा सारा इतिहास एखाद्या फ्लॉपीवर आणि हिशेबाच्या वहीत आहे. रमजानच्या आधी आपल्या घरोघरी साफसफाई निघते. या वर्षी कागदांचे गाठोडे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे, एवढीच वाचकांना विनंती.